रोग रेड्याला, औषध पखालीला



कोरडवाहू मुलखात गेल्या काही वर्षांत गावोगावी एक नवे जनावर दारात उभे राहिले आहे. त्याला कडबा लागत नाही, डिझेल लागते. आणि महिन्याच्या ठराविक तारखेला फायनान्सवाल्याचा हप्ता लागतो. हे जनावर म्हणजे पिकअप. ज्या घरात तीन भावांना मिळून दहा एकर कोरडवाहू आहे, त्या घरातल्या एका पोराने शेतीतून सुटण्यासाठी किंवा शेती टिकवण्यासाठी ही गाडी काढली. ती कापूस जिनिंगला नेते, ज्वारी मोंढ्यात नेते, उन्हाळ्यात लग्नाचे मांडव वाहते आणि रात्रीअपरात्री बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यातही पोचवते. अशी गाडी बंद पडते तेव्हा घराचा गाडाच अडतो.

जिल्हा बैठकीच्या अंकात भावाचा, कर्जाचा, विजेचा विषय सोडून गाडीतल्या बोटभर सेन्सरवर अग्रलेख कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. वेचणीच्या हंगामात गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली तर चार दिवसांचे भाडे बुडते. हप्ता मात्र थांबत नाही. भरलेली गाडी रस्त्यात रात्रभर दवात उभी राहिली तर कापूस ओल धरतो. सीसीआयच्या केंद्रावर आठ टक्के ओलाव्याच्या वर गेले की त्या प्रमाणात भाव कापतात आणि बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे दोन तारांच्या एका सेन्सरने दगा दिला की त्याची किंमत थेट कापसाच्या पट्टीवर लिहिली जाते. हा प्रश्न आमच्या हिशेबाचाच आहे.

गाडीला मेंदू आला

जुनी डिझेल गाडी आपल्याला कळत होती. डिझेल आले, हवा काढली, सेल मारला की इंजिन चालू. पंप दात्यांनी फिरायचा, नोझल दाबाने उघडायचे. गावचा मिस्त्री कानाने ऐकून सांगायचा, कोणत्या नोझलने काम सोडले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ चे निकष लागू झाले आणि मधला ५ चा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले. धूर कमी झाला पाहिजे याबद्दल आमचे दुमत नाही. तो धूर आमच्याच लेकरांच्या छातीत जातो. पण हे निकष पाळायचे तर डिझेल किती आणि कोणत्या क्षणी फवारायचे याचा हिशेब यंत्राच्या दात्यांवर सोडून भागेना. तो हिशेब एका संगणकाकडे गेला. मिस्त्री लोक त्याला ईसीएम म्हणतात.

हा संगणक आंधळा आहे. त्याला डोळे, कान आणि हात मिळतात ते सेन्सरमधून. एक सेन्सर क्रँक कुठवर फिरला ते सांगतो, दुसरा कॅमची जागा सांगतो, तिसरा इंजिनातल्या पाण्याची उष्णता मोजतो, चौथा डिझेलच्या रेलमधला दाब, पाचवा आत येणारी हवा. यातल्या एकाने खोटे सांगितले किंवा मौन धरले की ईसीएम गोंधळतो. मग तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो, गाडीची ताकद कमी करतो, नाहीतर इंजिन थेट बंद करतो.

क्रँकचा सेन्सर यातला सर्वात महत्त्वाचा. फ्लायव्हीलजवळ किंवा पुढच्या पुलीजवळ तो बसलेला असतो. त्याच्या तोंडासमोरून दात्यांचे एक चाक फिरते. बऱ्याच इंजिनांत साठ दात्यांची जागा आखून त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. ती रिकामी जागा समोर आली की ईसीएमला खूण पटते, पिस्टन अमुक जागी आहे. ही खूण मिळेनाशी झाली तर डिझेल कधी सोडायचे हेच त्याला कळत नाही. काही गाड्या कॅमच्या सेन्सरवर कशाबशा चालतात. बऱ्याच जागच्या जागी बंद पडतात.

लाल्या आणि पिवळा दिवा

आम्ही शेतीशास्त्र शिकलो ते पिकाचे. पण रोगनिदानाची रीत पिकाला एक आणि इंजिनाला दुसरी अशी नसते. कपाशीवर लाल्या आला की कृषी केंद्रवाला काय करतो, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पाने लाल दिसली की तो तीन बाटल्या आणि एक पुडी काउंटरवर ठेवतो. लाल्या हे लक्षण आहे. बोंडांचा भार वाढला आणि नत्र कमी पडले तरी पान लाल होते. मॅग्नेशियम कमी पडले तरी होते, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होते, मुळाशी पाणी साचले किंवा ओल तुटली तरी होते, रात्रीची थंडी एकदम वाढली तरी होते. तुडतुड्यांच्या लाल्याला मॅग्नेशियम सल्फेट फवारले तर पैसे पानावरून ओघळून मातीत जातात. ज्वारीचा पोंगा वाळला तर खोडमाशी की खोडकिडा, हे पीक किती दिवसांचे आहे आणि पानांवर ओळीने भोके आहेत का, ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

गाडीचा पिवळा दिवा म्हणजे असाच लाल्या. स्कॅनर लावला की तो एक कोड दाखवतो. उदाहरणार्थ पी ०३३५. त्याचा अर्थ असा लिहिलेला असतो: क्रँकच्या सेन्सरचे सर्किट. सर्किट या शब्दावर नजर ठेवा. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याच्या तारा आल्या, कपलर आला, अर्थ आली आणि ईसीएमही आला. पण दुकानदार ‘सेन्सर’ एवढाच शब्द वाचतो आणि नवा सेन्सर बसवतो. तार उंदराने कुरतडलेली असेल तर नवा सेन्सरही मुकाच राहणार.

आणखी एक कोड पाहा, पी ००८७. रेलमधला दाब कमी. हा कोड दिसला की कोणी दाबाचा सेन्सर बदलतो, कोणी पंप उतरवतो. सेन्सर बिचारा खरे बोलत असतो. दाब खरोखरच कमी असतो, कारण डिझेल फिल्टर चोंदलेला असतो किंवा कॅनमधून भरलेल्या डिझेलात पाणी असते. खरी बातमी आणणाऱ्या जासुदालाच फाशी देण्याचा हा प्रकार. रोग रेड्याला, औषध पखालीला.

एक उदाहरण

गेल्या वेचणीच्या हंगामात आमच्या एका कार्यकर्त्याच्या गाडीने असाच खेळ मांडला. सकाळी थंड असताना एका सेलवर चालू. तासभर चालली, इंजिन तापले, की भरल्या गाडीनिशी मधेच बंद. अर्धा तास थांबले की पुन्हा चालू, जणू काही झालेच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या वर्कशॉपने पंप आणि इंजेक्टर बदलण्याचा पाच आकडी अंदाज लिहून दिला. तेवढ्यात त्या घरचा रब्बीचा सगळा खर्च निघाला असता.

गाडी टोचन करून गावाकडे आणली. तिथल्या मिस्त्रीने पंपाला हातही लावला नाही. त्याने गाडी तापवून बंद पडू दिली, स्कॅनर लावला आणि सेल मारताना इंजिनाचे फेरे किती दिसतात ते पाहिले. इंजिन तर फिरत होते, स्कॅनरवर फेरे मात्र शून्य! म्हणजे क्रँक फिरतो ही बातमी ईसीएमपर्यंत पोचतच नव्हती. मग त्याने क्रँकच्या सेन्सरवर ओले फडके ठेवले. सेन्सर निवला आणि गाडी चालू झाली. गाडी पुन्हा तापवून, बंद पडल्यावर त्याने सेन्सरचा रोध मोजला. थंडपणी मीटरवर आकडा दिसत होता, तापल्यावर मीटर काहीच दाखवीना. आतले तांब्याचे वेटोळे गरम झाल्यावर तुटत होते आणि निवल्यावर जुळत होते. असा सेन्सर बहुतेक पिकअपांना काही शे ते दोन-एक हजार रुपयांत मिळतो. तो बदलला आणि गाडी हंगामभर चालली.

या मिस्त्रीकडे मोठे यंत्र नव्हते. त्याच्याकडे रीत होती. ती प्रत्येक गावात पोचली पाहिजे म्हणून इथे क्रमाने देतो.

निदानाची रीत

पहिले काम कागद-पेन्सिलीचे. गाडी कधी बंद पडते ते लिहा. थंड असताना की तापल्यावर, रिकामी असताना की भाराने, पावसात की खड्ड्यात आदळल्यावर. तापल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर चालू होणारी गाडी सेन्सरकडे बोट दाखवते. खड्ड्यात आदळून बंद पडणारी गाडी सैल कपलर किंवा तुटक्या तारेकडे. चढावर भाराने दम सोडणारी गाडी आधी डिझेल फिल्टरकडे. पिकाच्या रोगात शेतकऱ्याची हकिगत जेवढी कामाची, तेवढीच इथे ड्रायव्हरची.

दुसरे काम कोड वाचण्याचे. बॅटरीची तार काढण्याआधी वाचा, कारण तार काढली की बऱ्याच गाड्यांत नोंद पुसली जाते. कोड वहीत लिहा, पुसून टाका, गाडी चालवा आणि कोणता कोड परत येतो ते पाहा. परत येणारा कोड खरा. एकदाच आलेला कोड जुनी आठवणही असू शकते.

तिसरे काम डोळ्यांचे. सेन्सरपासून निघणारी तार बोटांनी चाचपत जा. सायलेन्सरला टेकून ती वितळली आहे का? सरकीच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी दात लावले आहेत का? कपलर उघडून पाहा. आत पाणी, तेल किंवा पिनांवर हिरवी कळकट दिसते का? पिन मागे सरकली आहे का? इंजिन चालू असताना तार हलक्या हाताने हलवून पाहा, मात्र पट्टा आणि पंखा यांपासून हात आणि उपरण्याचे टोक दूर ठेवून. तार हलवताच इंजिन अडखळले तर चोर तिथेच आहे.

चौथे काम मीटरचे. दोन तारांच्या क्रँक सेन्सरमध्ये आत लोहचुंबक आणि तांब्याचे वेटोळे असते. त्याचा रोध साधारण काही शे ते हजार-बाराशे ओहम भरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. थंडपणी मोजा आणि तापल्यावरही मोजा. तीन तारांचा सेन्सर वेगळ्या जातीचा, हॉल पद्धतीचा. त्याचा रोध मोजू नये. त्याचा कपलर काढून, चावी चालू ठेवून पुरवठा येतो का पाहावे. बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट असतो, काहींत १२. शिवाय अर्थ चांगली आहे का पाहावी. कपलरपर्यंत पुरवठाच येत नसेल तर सेन्सर निर्दोष आहे. पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर तपासणे आणखी सोपे: वीस अंशांना तो साधारण दोन ते अडीच हजार ओहम दाखवतो, ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. गरम पाण्याच्या भांड्यात धरला तरी कळते. या तारांवर जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि सेन्सर बघता बघता ईसीएम जळायचा.

एवढे झाल्यावरच भाग बदलायचा विचार करायचा.

बदलताना

इंजिन निवू द्या. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कपलरची कुंडी दाबून तो सरळ ओढा. तारेला धरून हिसका देऊ नका. बहुधा एकच बोल्ट असतो, दहा नंबरच्या पान्याने निघतो. सेन्सर डावी-उजवीकडे फिरवत बाहेर काढा. पेचकसाने उचकटला तर मोडून आत अडकेल आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी येईल. सेन्सरचे तोंड चुंबकी असते, त्यावर लोखंडाचा कीस साचतो. कधी कधी तो पुसला एवढ्यानेही काम भागते.

नवा सेन्सर जुन्याशेजारी ठेवून पाहा. पार्ट नंबर, पिनांची संख्या आणि दांड्याची लांबी तंतोतंत जुळली पाहिजे. सेन्सर आणि दाते यांच्यात एखाद्या मिलिमीटरचीच फट असते. नकली माल जरा लांब निघाला तर दात्यांना घासून तुटतो, आखूड निघाला तर त्याला दाते दिसत नाहीत. रबरी रिंगेला तेलाचा थेंब लावा, हाताने दाबून बसवा, बोल्ट बेताने आवळा. तार मूळ क्लिपांमध्येच अडकवा. मग बॅटरी जोडा, कोड पुसा. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरने ओळखवून द्यावा लागतो. शेवटी गाडी भरून, तापवून, दहा-वीस किलोमीटर चालवून आणा. गॅरेजच्या दारात चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असे नव्हे.

तीन इशारे ध्यानात ठेवावेत. इंजिन चालू असताना रेलकडे जाणारी जाड लोखंडी नळी कधीही ढिली करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते आणि हात गमवावा लागतो. दुसरे, गाडीच्या हौद्याला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात. फाळके जोडता जोडता ईसीएम उडाल्याची उदाहरणे कमी नाहीत. तिसरे, ज्या गाड्यांना युरियाचे द्रावण लागते त्यांत शेतातला युरिया कालवून ओतू नये. ते द्रावण शुद्ध युरियाचे, ३२.५ टक्क्यांचे असते; आपला युरिया निंबोळीचा लेप दिलेला असतो. पोत्यामागे वाचवलेले पैसे हजारोंनी परत द्यावे लागतील.

कुलूप कोणाच्या हाती

इथवर मिस्त्रीच्या कामाचे झाले. आता आमच्या कामाचे. पी ०३३५ हा कोड जगभर एकच अर्थ सांगतो, कारण पी नंतर शून्य असलेले कोड सर्वांसाठी समान ठरलेले आहेत. पी नंतर एक आला की तो बहुधा कंपनीचा स्वतःचा कोड. त्याचा अर्थ, वायरिंगचा नकाशा आणि नवा भाग ओळखवून देण्याचे सॉफ्टवेअर कंपनीच्या कपाटात. गाडी आम्ही विकत घेतली, हप्ते आम्ही फेडतो आणि बोनेटखाली काय बिघडले ते वाचण्याची मात्र आम्हाला मुभा नाही. बी-बियाण्याच्या बाबतीत आणि बाजाराच्या बाबतीत आपण ज्याला परवाना-राज म्हणत आलो, त्याचीच ही खासगी आवृत्ती आहे.

स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला, तो नेमका याच कारणासाठी. सुटे भाग आणि निदानाची साधने त्यांनी खुल्या बाजारात येऊ दिली नाहीत, असा तो ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारे आणि मोटारी ही दोन आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टलही उघडले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. तिथल्या हजार एकरवाल्या शेतकऱ्यालाही आपल्या ट्रॅक्टरचे कुलूप उघडायला कायदा लागला. इथे ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे निकष लागू झालेच आहेत. आज पिकअपची जी गत, ती उद्या आपल्या ट्रॅक्टरची होणार.

गावचा मिस्त्री या भांडणात आपल्या बाजूचा आहे. तो आपल्याच घरचा, शेतीत भागत नाही म्हणून पाना हाती घेतलेला पोरगा आहे. माहिती त्याच्यापासून लपवली म्हणून तो अंदाजाने भाग बदलतो आणि त्याचा भुर्दंड आपल्यावर येतो. त्याला शिव्या देऊन काही साधणार नाही. त्याच्या हाती माहिती दिली पाहिजे.

बैठकीपुढे तीन गोष्टी

एक, प्रत्येक तालुक्याने वर्गणी काढून एक बरा स्कॅनर आणि दोन मीटर घ्यावेत आणि ते आयटीआय झालेल्या एका तरुणाच्या ताब्यात द्यावेत. सोबत एक वही ठेवावी: कोणती गाडी, काय लक्षण, कोणता कोड, खरे कारण काय निघाले, खर्च किती. दोन हंगामांत ही वही कोणत्याही कंपनीच्या पुस्तकापेक्षा आपल्या कामाची ठरेल, कारण तीत आपले रस्ते, आपली धूळ आणि आपले उंदीर असतील.

दोन, भाग बदलून घेताना जुना भाग परत मागायचा आणि बिलावर कोड व कारण लिहून घ्यायचे. ‘सेन्सर खराब’ एवढे पुरे नाही. कशावरून खराब, हे विचारायचे.

तीन, वायरिंगचे नकाशे, कोडचे अर्थ आणि निदानाचे सॉफ्टवेअर वाजवी किमतीत, कोणत्याही मिस्त्रीला आणि मराठीतून मिळाले पाहिजे, असा ठराव जिल्हा बैठकीत करून खासदारांच्या हाती द्यायचा. आम्हाला सूट नको, फुकट नको. जे विकत घेतले ते उघडून पाहण्याची मोकळीक हवी.

आणि वेचणी सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीचा डिझेल फिल्टर बदला, त्यातले पाणी काढा, बॅटरीची टोके घासा, सेन्सरच्या तारांवरून एकदा हात फिरवा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. सरकी पेरण्याआधी आपण उगवणशक्ती पाहतोच की नाही?